नऊ लाख एक्कावन्न हजार पाचशे अठ्ठावन्न: एका मोठ्या संख्येची फोड

२०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ इतकी नोंदली गेली. त्यानंतरची जनगणना रखडली. आता १ मार्च २०२७ हा नव्या मोजणीचा संदर्भ दिनांक जाहीर झाला आहे, आणि नवा आकडा हाती येईपर्यंत प्रभागरचनेपासून पाण्याच्या हिशेबापर्यंत हा जुनाच आकडा फिरत राहणार आहे. आपण तो वाचतो, 'साडेनऊ लाख' असे म्हणून गोल करतो आणि पुढे जातो. त्याच्याकडे निव्वळ एक संख्या म्हणून पाहण्याची वेळ सहसा येत नाही.

दरम्यान ऑक्टोबर २०२४ मध्ये एक बातमी आली होती, की आतापर्यंतची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या सापडली असून ती चार कोटींहून अधिक अंकांची आहे. ती वाचून अनेकांना पडलेला प्रश्न अगदी रास्त होता. संख्या तर एकापुढे एक अशा अनंतापर्यंत आधीच मांडलेल्या आहेत. मग त्यांतली एखादी 'सापडते' म्हणजे नेमके काय होते? या प्रश्नाकडे थेट चार कोटी अंकांपासून गेलो तर भोवळ येईल. आपल्या शहराच्या सहा अंकी आकड्यापासून गेलो तर बहुतेक सगळे कागद-पेन्सिलीने तपासता येईल.

## एक पाहुणा वाढला तर

गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर सगळ्या शहराला जेवायला बसवायचे आहे असे समजू. मैदान तेवढे मोठे नाही हे मान्य, पण गणिताला जागेची अडचण नसते. अट एकच: प्रत्येक पंगतीत सारखीच माणसे बसली पाहिजेत आणि एकही माणूस उभा राहता कामा नये.

९,५१,५५८ माणसांच्या दोन पंगती केल्या तर प्रत्येकीत ४,७५,७७९ जण बसतात. तीन पंगती करता येतात, सतरा करता येतात, आणि ४९१ पंगती करून प्रत्येकीत १,९३८ जण बसवले तरी कोणी उरत नाही. चार पंगती मात्र जमत नाहीत, कारण दोघे उभे राहतात. पाच केल्या तर तिघे उरतात आणि सात केल्या तर सहा जण उरतात. जितक्या पंगतींत संख्या निःशेष बसते, त्या प्रत्येक आकड्याला आपण शाळेपासून विभाजक म्हणत आलो आहोत. ज्या संख्येची एकच लांबलचक पंगत होते किंवा मग प्रत्येक माणसाची स्वतंत्र पंगत करावी लागते, मधला कोणताही मार्ग उरत नाही, ती मूळ संख्या. १ ला मात्र मूळ संख्या मानत नाहीत. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ संख्या आहेत; त्यांच्याखेरीज १ पेक्षा मोठ्या सगळ्या संख्या संयुक्त.

आता ऐन वेळी आणखी एक पाहुणा आला. संख्या ९,५१,५५९ झाली, म्हणजे मोठेपणात जेमतेम दहा लाखांत एकाएवढाच फरक पडला म्हणा ना. पण पंगतींचे सगळे गणित मोडले. दोन, तीन, सतरा, ४९१ या साऱ्या मांडण्यांत तोच एक पाहुणा उभा राहतो. उलट मघाशी न जमलेल्या सात पंगती आता जमतात, कारण उरलेल्या सहा जणांना सातवा मिळाला: ७ पंगती, प्रत्येकीत १,३५,९३७. ही १,३५,९३७ स्वतः मूळ संख्या असल्यामुळे पुढे काही करता येत नाही. ९,५१,५५८ चे विभाजक बत्तीस आहेत. ९,५१,५५९ चे फक्त चार.

मोठ्या संख्येबद्दल समजून घ्यायची पहिली गोष्ट हीच आहे. संख्या किती मोठी आहे यावरून ती कशी घडली आहे हे कळत नाही, आणि शेजारच्या दोन संख्यांची घडण एकमेकींशी काडीचेही नाते न सांगणारी असू शकते.

## फोड कशी केली

हे काम कोणीही संध्याकाळी बसून करू शकतो. संख्या सम आहे, म्हणून २ ने भागू: ४,७५,७७९. या अंकांची बेरीज ३९ येते, तिला ३ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो: १,५८,५९३. आता ५ चा प्रश्न नाही, कारण शेवटचा अंक ० किंवा ५ नाही. ७ ने भागल्यास १ उरतो, ११ ने भागल्यास ६ उरतात आणि १३ ने भागल्यासही ६ च उरतात. १७ ने भाग जातो आणि ९,३२९ येतात. १९ ने भाग जातो आणि ४९१ येतात. ४९१ ला १९ किंवा त्याहून लहान कोणत्याही मूळ संख्येने भाग जात नाही, आणि पुढची मूळ संख्या २३ घेतली तर २३ × २३ म्हणजे ५२९ हे ४९१ च्या पुढे जाते, म्हणून थांबायला हरकत नाही. ४९१ मूळ आहे.

९,५१,५५८ = २ × ३ × १७ × १९ × ४९१.

हा थांबण्याचा नियम महत्त्वाचा आहे. कोणतीही संख्या दोन भागांच्या गुणाकारात मोडत असेल, तर त्यांतला एक भाग तिच्या वर्गमुळाएवढा किंवा त्याहून लहान असलाच पाहिजे, कारण दोन्ही भाग वर्गमुळाहून मोठे असले तर त्यांचा गुणाकार संख्येलाच ओलांडून जाईल. ९,५१,५५८ चे वर्गमूळ ९७५ च्या थोडे वर आहे आणि ९७५ पर्यंतच्या मूळ संख्या १६४ आहेत. म्हणजे एवढ्या आकाराच्या कोणत्याही संख्येची तड लावायला जास्तीत जास्त १६४ भागाकार पुरतात. आपल्याला सोलापूरचा आकडा सोपा गेला, कारण त्याचे अवयव लहान निघाले. लहान अवयव नसलेली संख्या वाट्याला आली असती, तर सगळे १६४ भागाकार करूनच उठावे लागले असते.

## पाच अवयव, बत्तीस विभाजक

फोड एकदा हाती आली की संख्येबद्दलचे बाकीचे प्रश्न भराभर सुटतात. विभाजक बत्तीसच का? ताटात पाच पदार्थ वाढायचे आहेत असे समजा: कडक भाकरी, शेंगाचटणी, पिठले, दही आणि कांदा. प्रत्येक पदार्थ एक तर घ्यायचा किंवा सोडायचा. अशी वेगवेगळी ताटे २ × २ × २ × २ × २ म्हणजे ३२ होतात. पाच मूळ अवयवांतले काही उचलायचे, काही सोडायचे आणि उचललेल्यांचा गुणाकार करायचा, की एक विभाजक तयार होतो. रिकामे ताट म्हणजे १ आणि भरगच्च ताट म्हणजे खुद्द ९,५१,५५८.

स्वतः संख्या सोडून तिच्या उरलेल्या ३१ विभाजकांची बेरीज केली तर ती ११,७३,८८२ येते, म्हणजे संख्येपेक्षाही जास्त. ९,५१,५५९ साठी हीच बेरीज १ + ७ + १,३५,९३७ म्हणजे अवघी १,३५,९४५ भरते. क्वचित एखादी संख्या अशी निघते की ही बेरीज तंतोतंत संख्येएवढीच येते. ६ आणि २८ ही त्यांची ओळखीची उदाहरणे असून त्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात.

फोडीबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपण ती इतकी गृहीत धरतो की तिचे नवल वाटेनासे झाले आहे. ९,५१,५५८ ची फोड तुम्ही २ पासून सुरू करा किंवा ४९१ पासून, दुपारी करा किंवा रात्री, अवयवांचा संच तोच येणार. वेगळ्या मूळ संख्या वापरून तीच संख्या कधीही बनवता येत नाही. याला अंकगणिताचे मूलभूत प्रमेय म्हणतात आणि जर्मन गणिती गाऊस याने १८०१ मध्ये त्याची काटेकोर सिद्धता दिली. प्रत्येक संख्येची जणू एकच कुंडली असते, आणि ती ज्योतिषाप्रमाणे बदलत नाही.

## अंकांची बेरीज हा कोणाचा गुण?

कुंडलीचा विषय निघालाच आहे, तर एक शंका येणारच. ९ + ५ + १ + ५ + ५ + ८ = ३३ आणि ३ + ३ = ६, म्हणजे सोलापूरचा अंक सहा, असे सांगणारे लोक भेटतात. त्यातून काही निघते का?

येथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात. एक संख्या, आणि दुसरी ती लिहिण्याची पद्धत. आपल्या हाताला दहा बोटे असल्याने आपण दहाच्या पटींत मोजतो आणि म्हणून हा आकडा ९,५१,५५८ असा दिसतो. संगणक तोच आकडा केवळ ० आणि १ वापरून वीस अंकांत लिहितो, आणि तेथे अंकांची बेरीज अर्थातच ३३ येत नाही. मात्र मैदानावर १७ पंगती जमतात हे सत्य कोणत्याही लिपीत आणि कोणत्याही मोजणीत तसेच राहते. अंकांची बेरीज हा लिखाणाचा गुण आहे. १७ ने भाग जाणे हा संख्येचा गुण आहे. ३ ची आणि ९ ची कसोटी अंकांच्या बेरजेवर चालते तीसुद्धा १० मधून १ वजा केल्यावर ९ उरतात एवढ्याच कारणामुळे.

लिखाणाचे गुण टाकाऊ असतात असे मात्र मला म्हणायचे नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी आयुष्यभर याच गुणांचा छंद जोपासला. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ या संख्येचे वैशिष्ट्य आढळले: सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करत राहा (उत्तर तीन अंकी आले तर पुढे ० धरून ते चार अंकी करा); फार तर सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोचता आणि मग तेथेच राहता, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. आपल्या अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो अशा संख्येला त्यांनी हर्षद संख्या हे नाव दिले. सोलापूरचा आकडा ३३ ने भागला जात नाही, कारण त्याच्या अवयवांत ११ नाही. म्हणून तो हर्षद ठरत नाही. याचा शहराच्या सुखदुःखाशी संबंध नाही, हे सांगायला नकोच.

आणि मुळात लोकसंख्येच्या आकड्याचा शेवटचा अंक तरी कितपत भरवशाचा? मोजणी चालू असतानाही माणसे जन्मतात, मरतात, पुण्याला नोकरीला जातात. एखादे घर सुटते, एखादे दोनदा मोजले जाते. नियोजनाला साडेनऊ लाख हे पुरेसे आहे. म्हणून वरची सगळी फोड ही ९,५१,५५८ या संख्येची आहे, शहराची नाही. शहराने ती फक्त उदाहरणादाखल उसनी दिली आहे.

## कुटणे सोपे, निवडणे अवघड

शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे आणि मीठ उखळात घालून चटणी कुटायला फार वेळ लागत नाही. कुटलेल्या चटणीतून लसूण वेगळा काढा असे कोणी सांगितले तर तो थट्टा करतो आहे असेच वाटेल. संख्यांचे बरेचसे असेच आहे, फक्त एका फरकाने: चटणीतून लसूण निघतच नाही, संख्येतून अवयव मात्र निघतात, पण मोठ्या संख्येच्या बाबतीत त्याला लागणारा वेळ आवाक्याबाहेर जातो.

या अवघडपणाची सर्वांत सुंदर गोष्ट २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येची आहे. ती संख्या अशी: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. अंक एकवीस. आपल्या जुन्या मोजणीतले शेवटचे नाव परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये. ही संख्या सुमारे १,४७५ परार्ध भरते. फ्रेंच धर्मोपदेशक मारँ मेर्सेन याने १६४४ मध्ये अशा प्रकारच्या, म्हणजे २ च्या एखाद्या घातातून १ वजा करून येणाऱ्या, मूळ संख्यांची एक यादी दिली होती आणि तिच्यात ६७ चाही समावेश होता. १८७६ मध्ये एदुआर ल्युका याने ही संख्या मूळ नसल्याचे सिद्ध केले, पण तिचे अवयव कोणते हे त्यालाही ठाऊक नव्हते.

ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन गणित संस्थेच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. असे सांगतात, की त्यांनी एकही शब्द न बोलता फळ्याच्या एका बाजूला २ चा ६७ वा घात हाताने काढून त्यातून १ वजा केला, दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार मांडून पूर्ण केला, दोन्ही उत्तरे एकच आली आणि ते जागेवर जाऊन बसले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. हा गुणाकार आपणही करून पाहू शकतो; तासभर पुरेल, आणि अंकांच्या बेरजांवरून नुसता ढोबळ नवाचा पडताळा घेतला तर तीन मिनिटे. ते दोन अवयव शोधायला मात्र कोल यांना तीन वर्षांचे रविवार लागले अशी आख्यायिका आहे. या संख्येचा अवयव १३४ ने भागल्यावर १ उरणाराच असला पाहिजे हे आधीपासून माहीत होते, त्यामुळे बहुतेक संख्या न तपासताच बाद होत होत्या. तरीही इतका वेळ लागला.

## संगणक असताना अडते कुठे?

कोल यांच्याकडे संगणक नव्हता. आज ही फोड साध्या मोबाइलवर डोळ्याचे पाते लवायच्या आत होते. मग अवघड काय राहिले? अडचण अशी, की संख्येत एकेक अंक वाढतो तेव्हा कामाचा डोंगर केवळ बेरजेने वाढत नाही. सहा अंकी आकड्याला १६४ भागाकार पुरले. वीस अंकी संख्येसाठी हीच साधी रीत वापरली तर सुमारे साडेपंचेचाळीस कोटी मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. शंभर अंकांवर गेलो तर ही रीत विश्वाच्या वयातही संपणार नाही. अर्थात गणितज्ञांनी याहून पुष्कळ चलाख रीती शोधल्या आहेत, आणि त्यांच्याच जोरावर फेब्रुवारी २०२० मध्ये आव्हान म्हणून मांडलेल्या एका २५० अंकी संख्येची फोड झाली. पण त्या कामाची मोजदाद अशी, की संगणकाच्या एकाच गाभ्यावर (म्हणजे आकडेमोड करणाऱ्या एकाच कोअरवर) ते सोपवले असते तर सुमारे २,७०० वर्षे लागली असती.

येथे वाचक एक चांगला आक्षेप घेऊ शकतो. फोड करता येत नसेल तर एवढी मोठी संख्या मूळ आहे की संयुक्त हे तरी कसे कळते? ल्युका याने अवयव न सापडताच निकाल कसा दिला?

याचे उत्तर असे, की मूळ संख्यांना काही खास सवयी असतात आणि त्या सवयी तपासायला फोड करावी लागत नाही. सतराव्या शतकातील फर्मा याने सांगितलेली एक सवय पाहू. २ चा मूळ संख्येएवढा घात घ्या आणि त्यातून २ वजा करा. उत्तराला त्या मूळ संख्येने भाग जातोच. ७ घेतले तर १२८ − २ = १२६ आणि १२६ = ७ × १८. आता ९ घेऊ: ५१२ − २ = ५१० आणि ५१० ला ९ ने भागल्यास ६ उरतात. म्हणजे ९ मूळ नाही, आणि हे कळायला आपल्याला ३ × ३ आठवावे लागले नाही. माणूस सोलापूरचा नाही हे ओळखायला त्याचे गाव ठाऊक असावे लागत नाही, तसेच हे.

ही परीक्षा एकाच बाजूने पक्की आहे. नापास होणारी संख्या नक्की संयुक्त असते, पण पास होणारी प्रत्येक संख्या मूळ असतेच असे नाही. ३४१ ही ११ × ३१ असूनही पास होते. म्हणून व्यवहारात याहून कडक परीक्षा वापरतात. कोणतीही संख्या मूळ आहे की नाही याचा निःसंदिग्ध निकाल, अंकांच्या प्रमाणात आटोक्यात राहणाऱ्या वेळात लावता येतो, हे ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवून दिले. तोवर ही गोष्ट कोणालाही पूर्णपणे सिद्ध करता आली नव्हती, आणि त्यांची सिद्धता इतकी आटोपशीर होती की जगभरच्या गणितज्ञांनी कपाळावर हात मारून घेतला असेल.

## १७ आणि १९ चे कुलूप

ओळखणे सोपे, गुणणे सोपे, फोडणे अवघड. या तिढ्याचा उपयोग कुलूप म्हणून करता येईल ही कल्पना १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी प्रत्यक्षात आणली, आणि त्यांच्या आद्याक्षरांवरून त्या पद्धतीला आरएसए म्हणतात. सोलापूरच्या आकड्यातलेच दोन अवयव घेऊन हे कुलूप बनवून पाहू.

१७ × १९ = ३२३. एखादा दुकानदार ३२३ आणि ५ हे दोन आकडे चाटी गल्लीत फलकावर लिहून ठेवतो. कोणाला त्याच्याकडे ४ हा आकडा गुप्तपणे पाठवायचा असेल तर पाठवणाऱ्याने ४ चा ५ वा घात काढायचा, म्हणजे १,०२४, त्याला ३२३ ने भागायचे आणि उरलेली बाकी ५५ पाठवायची. वाटेत कोणी ५५ पाहिले तरी बिघडत नाही. दुकानदाराकडे १७३ हा तिसरा, गुप्त आकडा आहे. तो ५५ चा १७३ वा घात काढून ३२३ ने भागतो आणि बाकी ४ येते.

हा १७३ आला कोठून? दुकानदाराने १७ आणि १९ मधून प्रत्येकी एक वजा करून १६ × १८ = २८८ काढले आणि मग ५ ने गुणून २८८ ने भागल्यावर १ उरेल असा आकडा शोधला: ५ × १७३ = ८६५ = ३ × २८८ + १. आपण हे शोधू शकतो, कारण ३२३ ची फोड आपल्याला माहीत आहे. ज्याला फोड माहीत नाही त्याला २८८ कळत नाही, आणि २८८ कळल्याशिवाय १७३ कळत नाही.

३२३ ची फोड शाळकरी मुलगाही करील, म्हणून प्रत्यक्षात तीनशेहून अधिक अंकांच्या दोन मूळ संख्या घेऊन ६१७ अंकांचा गुणाकार फलकावर लावतात. संकेतस्थळांची प्रमाणपत्रे आणि कागदपत्रांवरच्या डिजिटल स्वाक्षऱ्या यांत ही पद्धत अनेक वर्षे वापरात आहे. आज तिच्या जोडीला वेगळ्या गणितावर चालणारी कुलपेही आली आहेत, पण करायला सोपे आणि उलट फिरवायला अवघड हे त्यांचेही सूत्र आहे.

सगळ्यांनी कुलपे बनवली तर मूळ संख्या संपतील, ही भीती नको. मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केले आहे. त्या विरळ होत जातात हे खरे, पण फार हळू: तीनशे नऊ अंकी संख्यांतही सरासरी सातशेदहाच्या आसपास संख्यांमागे एक मूळ संख्या भेटते. यादृच्छिकपणे विषम संख्या उचलत गेलो आणि प्रत्येकीची परीक्षा घेत गेलो, तर साडेतीनशेच्या सुमारास प्रयत्न पुरतात.

## मग त्या चार कोटी अंकांचे काय?

ऑक्टोबर २०२४ ची ती संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिचे अंक ४,१०,२४,३२०. एका पानावर तीन हजार अंक बसवले तर साडेतेरा हजारांहून जास्त पाने लागतील, आणि सेकंदाला एक अंक या वेगाने कोणी न थांबता वाचायला बसला तर पावणेपाचशे दिवस वाचत राहील. १९९६ पासून जगभरचे स्वयंसेवक आपापले संगणक जोडून मेर्सेनच्या प्रकारच्या मूळ संख्या शोधत आहेत. त्या उपक्रमात ल्यूक ड्युरँट या अमेरिकी तरुणाने १७ देशांतील डेटा केंद्रांमधले जीपीयू, म्हणजे एकाच वेळी असंख्य आकडेमोडी करणाऱ्या चिप, कामाला लावून ही संख्या गाठली. ती या प्रकारची बावन्नावी ज्ञात मूळ संख्या आहे.

बँकेच्या कुलपाला तिचा उपयोग होत नाही. कुलपासाठी कोणालाही माहीत नसलेली मूळ संख्या लागते, आणि ही तर सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आली. शिवाय इतक्या मोठ्या संख्येने गुणाकार करायचा तर पैसे पाठवायला पुढची यात्रा उजाडेल. मग खटाटोप कशाला, असे विचारणाऱ्याला मी एवढेच सांगेन, की हिमालयाच्या शिखरावरही कोणी बाजाराला जात नाही. अशा शोधातून संगणकांची कसून परीक्षा होते आणि प्रचंड गुणाकार करण्याच्या नव्या रीती घासूनपुसून निघतात, हा वरकड नफा.

आणि 'सापडली' या शब्दाचा अर्थही आता सांगता येतो. ती संख्या आधीपासून होतीच, जशी ९,५१,५५८ ही संख्या सोलापूर वसण्याच्या आधीही १७ ने विभाज्य होती. तिला मधली कोणतीही पंगत जमत नाही, ही गोष्ट मात्र १२ ऑक्टोबर २०२४ च्या आधी कोणालाही ठाऊक नव्हती.

## क्वांटम संगणक आला तर

१९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवले, की पुरेसा मोठा आणि बिनचूक क्वांटम संगणक, म्हणजे अणुपातळीवरच्या नियमांचा वापर करून आकडेमोड करणारे यंत्र, तयार झाला तर मोठ्या संख्येची फोड अवघड राहणार नाही. २००१ मध्ये अशा एका प्रायोगिक यंत्राने १५ ची फोड ३ × ५ अशी करून दाखवली. आजवर असे कोणतेही यंत्र ६१७ अंकांच्या जवळपासही पोचलेले नाही, पण कुलूप बनवणारे वाट पाहत बसलेले नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने अवयवांवर अजिबात न विसंबणाऱ्या तीन नव्या पद्धतींची मानके जाहीर केली.

## नवा आकडा येईल तेव्हा

सोलापूरचा नवा आकडा जाहीर होण्याआधीच त्याबद्दल काही गोष्टी सांगता येतात. दहा लाखांपर्यंत ७८,४९८ मूळ संख्या आहेत, आणि त्या टप्प्याच्या आसपास साधारण चौदा संख्यांमागे एक मूळ असते. आकडा सम असण्याची शक्यता निम्मी, आणि त्याला ३ ने भाग जाण्याची एकतृतीयांश. तो वर्तमानपत्रात येईल तेव्हा प्रथम शेवटचा अंक पाहावा. ०, २, ४, ५, ६ किंवा ८ असेल तर प्रश्नच मिटला. १, ३, ७ किंवा ९ असेल तर आकडा मूळ असण्याची शक्यता पाच-सहांत एक इतकी वाढलेली असेल. मग अंकांची बेरीज करून ३ ची कसोटी लावावी, आणि तरीही निकाल लागला नाही तर पेन्सिलीला टोक करून ७ पासून भागायला लागावे.